उडी मोजणारी समिती

जो उंच उडतो तोच मोठा, हे सत्य पक्ष्यांना मान्य आहे आणि विमा कार्यालयाच्या बास्केटबॉल समितीलाही. (कोंबड्यांचं मत मागवलेलं नाही.)

जुन्या फायलींच्या विभागातला धिप्पाड कारकून, ज्याला सगळे खांब म्हणत, एकोणीस वर्षं रिंगखाली उभा होता. बचावात तो समोरच्याच्या आणि रिंगच्या मध्ये जाऊन थांबे. समोरचा कंटाळून निघून जाई. कुणाचा नेम हुकला की आजूबाजूच्यांना पाठीने हळूच मागे रेटून तो बोर्डावरून परतलेला बॉल आयता हातात घेई. यालाच रिबाउंड म्हणतात. तो बघायला कोणी येत नसे.

त्या पाठीच्या जोरावर संघ प्रथमच अंतिम फेरीत पोचला. त्याच आठवड्यात टपाल विभागात एक उडीबाज तरुण रुजू झाला, त्याला लगेच स्प्रिंग हे नाव पडलं. समितीने तत्परतेने भिंतीवर खडूच्या रेघा मारल्या. उडीला सत्तर गुण, उडीतल्या डौलाला वीस, इतर बाबींना (बचाव, रिबाउंड व वेळेवर येणे) दहा. स्प्रिंग छत्तीस इंच उडाला. खांब चार, त्यातही एक इंच टाचा उचलल्याचा.

"अहो, मॅच काय भिंतीशी आहे?" खांबाने प्रशिक्षकाला विचारलं. ही एक मॅच खेळायला मिळावी म्हणून त्याचा जीव तुटत होता.

"भाऊ, तुमचं खेळणं दिसतच नाही हो. न दिसणारं अहवालात कसं लिहू?"

अंतिम सामन्यात खांब बाकावर बसला. प्रतिस्पर्ध्याने नेम धरल्याचं नुसतं सोंग केलं की स्प्रिंग हवेत. तो वर असताना खाली निवांत बास्केट होई. असं एकवीस वेळा झालं. चार वेळा मात्र त्याने समोरच्याने मारलेला बॉल हवेतच अडवून थेट प्रेक्षकांत भिरकावला. (नियमानुसार तो पुन्हा प्रतिस्पर्ध्यांनाच मिळाला.) रिबाउंडसाठी तो सर्वांच्या आधी वर जाई आणि बॉल येईपर्यंत खाली उतरलेला असे. इकडे बाकावर खांबाची पाठ आपोआप रेटत होती. शेजारचा राखीव खेळाडू दोनदा खाली पडला.

संघ सत्तावीस गुणांनी हरला. टाळ्या मात्र थांबेनात. रिंगखालची जागा कायमची कुणाला, यावर बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचं आणि खेळाडूंचं दारातच मतदान झालं. स्प्रिंगला चारशे बारा, खांबाला शून्य.

"निदान स्वतःला तरी द्यायचं होतं मत!" बायको कडाडली.

"अगं, देणारच होतो. पण ती चौथी उडी पाहिलीस ना? तू कुणाला दिलंस?"

बायको पर्समध्ये घराची किल्ली शोधू लागली. खांबाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

समिती निकालावर समाधानी आहे. ज्या सुज्ञ वाचकांना हा अन्याय वाटतो, त्यांनी हात वर करावा. नुसता वर केलेला हात मागून दिसत नाही. जरा उडी मारावी.