भातडेकाकांचं ग्रहण

आमच्या मजल्यावर कुणाच्या घरातली चाळण सापडेनाशी झाली, तर ती हरवली असं आम्ही समजत नसू. ती विज्ञानाच्या कामी आली असं समजत असू. शेजारच्या भातडेकाकांची बेल वाजवायची आणि चाळण परत मागायची. ती मिळायची, पण आधी गुरुत्वाकर्षण ऐकून घ्यावं लागायचं.

काका मूळचे रत्नागिरीकडचे. एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. ते निवृत्त झाले आणि आम्हा भाईंदर पूर्वेच्या गरीब माणसांवर आभाळ कोसळलं, तेही ग्रहताऱ्यांसकट. माझ्या कुकरची शिट्टी झाली की हा माणूस दारात हजर. "वाफ वर सुटली की कुकर खाली दाबला जातो, वहिनी. हाच उलटा धरला की झालं रॉकेट!" आत माझी डाळ करपतेय, याचं त्यांना काही नाही.

"डोकं वापरा, वहिनी. डोकं वापरायला टँकर लागत नाही!" हे त्यांचं पालुपद. आणि खरा टँकर आला, खाली हंडे-बादल्यांची झुंबड उडाली, की नेमकं तेव्हाच ते पृथ्वीवर पाणी आलं कुठून ते सांगायला लागायचे. "धूमकेतूंवरून आलं असावं, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात."

तळमजल्यावरच्या शाहबेन एकदा कावल्या. "काका, जहाँ से आया, आया! अभी आप लाइन में से हटो ना!"

केबल आली तेव्हा तर विचारू नका. उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर छत्तीस हजार किलोमीटरवर असतो, हे केबलवाल्याला ऐकवून काकांनी कंपासपेटीतल्या कोनमापकानं त्याची डिश 'नीट' करून दिली. तो रविवार अख्ख्या बिल्डिंगनं टीव्हीवर मुंग्या बघत काढला.

मग एका दिवाळीत सूर्यग्रहण आलं आणि काकांना ऊत आला. घरोघर जाऊन त्यांनी बजावलं, सूर्याकडे थेट बघायचं नाही, प्रत्येकानं चाळण घेऊन गच्चीवर यायचं. "प्रत्येक भोकातून एकेक सूर्य खाली पडेल, वहिनी. चंद्रानं खाल्लेला! आयुष्यभर वाट बघितलीय मी."

इथवरही चाललं असतं. पण त्यांची मुलगी मंदा तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. आधी दोनदा दिवस राहिले होते, पण पदरात काही पडलं नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हणून पोर मन मोकळं करायला माझ्याकडे यायची. गरोदर बाईनं ग्रहण बघायचं नाही, चिरायचं-कापायचं नाही, ग्रहण सुटेपर्यंत काळोखात एका जागी बसायचं, असं सासूनं तिला बजावून पाठवलं होतं.

"काकी, बाबा मला गच्चीवर नेणार म्हणतायत," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "परत काही झालं तर?"

मी तडक काकांना गाठलं. "अहो, पोर घाबरलीय. एक दिवस तुमचं शास्त्र गुंडाळून ठेवा की!"

"सावली आहे ती, वहिनी. चंद्राची सावली! सावलीनं कुणाचं वाकडं होतं का? मंदा सगळ्यांत पुढे बसणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जगाला डोकं वापरायला सांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या लेकीचं मन कळू नये?

ग्रहणाच्या सकाळी सगळी बिल्डिंग गच्चीवर होती. शाहबेन तोंडात पाणीसुद्धा न घालता आल्या होत्या, पण चाळण घेऊन आल्या होत्या. आणि खरंच, चाळणींच्या सावलीत इवल्या इवल्या सूर्यकोरी पसरल्या. फक्त काकांचा पत्ता नव्हता. पोरीला ओढून आणत असणार, या रागात मी तरातरा खाली उतरले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत काळोख. खिडकीला चादर, फटींना वर्तमानपत्रं डकवलेली. मंदा पाटावर डोळे मिटून बसली होती. तिच्यासमोर, खिडकीकडे पाठ करून, काका उभ्या उभ्या स्तोत्र म्हणत होते. त्यांना ते धड येतही नव्हतं. अडखळले की मंदा पुढचा शब्द सांगायची.

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी हळूच आत सरकले आणि मला त्यांची पाठ दिसली. खिडकीच्या वर, हात पोचणार नाही अशा झरोक्याचा कागद जरासा फाटला होता. त्यातून आलेला सूर्य काकांच्या बनियनवर पडला होता. रुपयाएवढा, अर्धा खाल्लेला, गच्चीवरच्या सगळ्या सूर्यांपेक्षा मोठा आणि स्वच्छ. काका बाजूला झाले असते, तर तो थेट मंदाच्या अंगावर पडला असता.

"काका," मी त्यांच्या कानाशी कुजबुजले, "मी उभी राहते इथे. तुम्ही वर जा. संपेल हो ते."

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"बाबा, सुटलं का ग्रहण?" मंदानं डोळे न उघडताच विचारलं.

"सुटेल गं आता. तू हलू नकोस," काका म्हणाले, आणि मागे वळून न बघता पाठीवरच्या सूर्याबरोबर बोटभर उजवीकडे सरकले.