भाऊजी कौतुक करत नाहीत

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, आजवर कुणाचं तोंडावर कौतुक केलेलं नाही. फार झालं तर ‘परवाइल्लै’. म्हणजे चालून जाईल. कॉफी परवाइल्लै, संगीतसभेतलं गाणं परवाइल्लै, माझी नातसुद्धा परवाइल्लै.

मी साताऱ्याहून मैलापूरच्या या तंजावरी घरात सून होऊन आले, तेव्हा मला माझ्या पुरणपोळीचा भारी तोरा. भाऊजी परदेशातल्या वकिलातीतून सुट्टीवर आले की मी पोळीमागे पोळी वाढत विचारायची, “कशी झालीय?”

“परवाइल्लै, वहिनी.”

मग मी बाईसाहेब रुसून भांडी आपटणार. शेवटी कंटाळून भाऊजींनीच कारण सांगितलं.

त्यांची नेमणूक होती त्या देशात उठसूट मेजवान्या. सगळ्या सरकारी माणसांच्या कोटावर एकच बिल्ला, तोंडात एकच प्रश्न, “हवा मानवते ना?” भाऊजींना त्यांतला एकच आवडायचा, कारण तो विनोद सांगायचा. एका समारंभात भाऊजी त्याच्या मंत्र्याला कौतुकानं म्हणाले, “तुमचा हा माणूस हिरा आहे.” पुढच्या मेजवानीला त्याच्या जागी दुसराच उभा. पहिला कुठे गेला विचारलं, तर म्हणाला, “असा कुणी नव्हताच. हवा मानवते ना?”

एवढं ऐकून मी काय बोलावं? “ते असो. पण पोळी कशी होती?”

माझी अक्कल अशी, आणि वयानं ती वाढली म्हणावं तर तसंही नाही. गेल्या महिन्यात त्याच देशाचे लोक शहराबाहेरच्या ओरगडमचा मोटारींचा कारखाना बघायला आले. त्यांतले बडे साहेब भाऊजींच्या जुन्या ओळखीचे, म्हणून आमच्याकडे जेवायला आले. सोबत एक दुभाषी बाई. साहेब गुरगुरले की ती त्याचं असं गोड इंग्रजी करायची की मला राहवलं नाही. इंग्रजीतच म्हटलं, “साहेबांपेक्षा तुम्हीच छान बोलता हो.”

इंग्रजी न येणाऱ्या साहेबांना तेवढं मात्र बरोबर कळलं. हात पानावरच थांबला. त्यांनी बाईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक.

“कसलं छान, वहिनी?” भाऊजी मोठ्यानं इंग्रजीत म्हणाले. “साहेबांचं बोलणं काय भारदस्त. हिनं त्यात पार पाणी घातलं. साहेब, शिकवा हिला जरा.”

तिनं मान खाली घालून स्वतःची ही निंदा शब्दन्‌शब्द साहेबांना ऐकवली. साहेब खो खो हसले, आणि पुन्हा रस्समकडे वळले. जाताना तिनं भाऊजींना नमस्कार केला. जरा जास्तच वाकून.

गाडी निघाली तरी भाऊजी फाटकाशीच.

“वहिनी, माझी नजर पोचत नाही. ती मागं वळून बघतेय का?”

“नाही.”

“शहाणी आहे,” ते म्हणाले. “फार हुशार मुलगी.”

गाडी कोपऱ्यावरून वळून गेली होती. मी म्हटलं, ऊन लागतंय, आत चला. ते हो म्हणाले आणि तसेच उभे राहिले.