विटांवरची गाडी

“जावई चुकला तर निभावून नेता येतं. चाक चुकलं की थेट खड्ड्यात!” असं बायकोला बजावून साहेबांनी नव्या गाडीची चारही लोखंडी चाकं पहिल्याच दिवशी काढून भंगारात देऊन टाकली.

गाडी साधीसुधी नव्हती. पलंग, शेगडी, बेसिन पोटात घेऊन फिरणारं घरच ते! शनिवारी बायकोच्या ताईची सत्तरी होती आणि चार वर्षांत बहिणी भेटल्या नव्हत्या. “शनिवारी दुपारी ताईच्या दारात!” साहेबांनी शब्द दिला होता. अ‍ॅल्युमिनियमची भरवशाची चाकं बसली की निघायचं. तोवर गाडी अंगणात विटांवर उभी राहिली.

अडचण एकच. साहेबांनी तीस वर्षं सरकारी नोकरीत लिफ्ट तपासल्या होत्या आणि पहिल्या तपासणीत एकही पास केली नव्हती. पहिल्या फटक्यात पास केलं की समोरचा शेफारतो, हे त्यांचं तत्त्व!

सोमवारी चाकवाल्यानं झकास चाकं आणली. साहेबांनी टकटक केलं, कान लावला, चाकावर कोरलेला भाराचा आकडा भिंगातून वाचला. गाडीच्या वजनात भरलेली पाण्याची टाकी, सिलिंडर, दोन माणसं आणि बायकोची बॅग मिळवली. तरी आकडा पुरून उरत होता.

“नापास!”

“का हो साहेब?”

“पहिलीच वेळ आहे.”

मंगळवारच्या चाकांवर केसाएवढा ओरखडा निघाला. बुधवारची भाराला कमी पडली. साहेबांना चैन पडेना. दर पाच मिनिटांनी फाटकाशी जात, परत येत. जेवायला बसले की आधी ताट फिरवून डगमगतं का बघत.

“अहो, शनिवार तुमच्यासाठी थांबणार आहे का? मी आपली बसनं जाते!”

“दारात घर उभं असताना बसनं? लोक हसतील!”

“लोक कधीचे हसतायत!”

शुक्रवारी बायको फोनवर ताईजवळ रडली. ते साहेबांनी ऐकलं. शनिवारी उजाडताच ते स्वतः दुकानात गेले आणि चाकवाल्याला त्याच्या टेम्पोसकट घेऊन आले. अंगणात टकटक झालं, कान लावून झाला.

“पास! अशी चाकं सोमवारी आणायला काय झालं होतं?”

“साहेब, ही सोमवारचीच आहेत.”

“बोलू नकोस, बसव! दुपारी पोचायचंय!”

चाकवाल्यानं जॅक लावला. तोच गाडीच्या खिडकीचा पडदा सरकला.

“भाऊजी, जरा दमानं! चहा सांडेल!”

पलंगावर मांडी घालून ताई बसली होती! बहिणीचं रडणं ऐकून तिनं पहाटेची बस गाठली होती आणि साहेब दुकानात असतानाच ती पोचली होती. शेजारी बायको, नाक लाल, पण चार वर्षांचं हसू एकदम हसत होती.

“साहेब,” चाकवाल्यानं पाना खाली ठेवला, “पण आता जायचंय कुठे?”

साहेबांनी छाती पुढे काढली. “ताईंना घरी पोचवायला!”

“छे हो!” ताई घाईघाईनं म्हणाली. “मी परतीचं तिकीट काढूनच आलेय. बसचं!”