पाळणाघर सर जाहलें त्याची हकीकत

समस्त आप्तमंडळ, मुक्काम घरचा ग्रुप, यांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. परमुलुखीं विद्यापीठाचे पाळणाघरांत श्रीमंत ठकूताईसाहेब, उमर वर्षें दीड, यांस जागा कैसी प्राप्त जाहली याविषयीं ग्रुपावर नाना बोभाटे उठले. थोरल्या काकूसाहेब म्हणतात वशिला लाविला, मावशीसाहेब म्हणतात आई कचेरींत बसोन रडली, आणि मामासाहेबांनीं तर कांहीं न वाचतां अंगठा दाखविला. सबब वर्तमान जैसें घडलें तैसें, तिखटमीठ न लावितां, लेहोन ठेविलें असे.

तर खाशा बाईसाहेब, म्हणजे ठकूताईसाहेबांच्या आई, यांणीं दगडावरचे शेवाळाचा शोध लावोन डॉक्टर व्हावें ऐसा मनसुबा केला आणि दोन बॅगा, एक कुकर व एक कन्या इतक्या सरंजामानिशीं परमुलुखीं दाखल जाहल्या. यजमान स्वदेशीं चाकरीचे लिगाडांत गुंतलेले. त्यांची स्वारी रोज फोनाचे पडद्यावर उगवे आणि कन्येकडे पापी मागे, मग ठकूताईसाहेब पडदा चाटीत. चौथे मजल्यावरील एका खोलींत छावणी पडली. पहिले पंधरवड्यांत तळघरांतील कपडे धुण्याचे यंत्राशीं दोन लढाया जाहल्या, त्यांत सारीं झबलीं गुलाबी होऊन परतलीं. एकवार किल्ली आंत राहोन खाशा स्वारीस ओल्या केसांनिशीं जिन्यावर ठाणें द्यावें लागलें. आणि मग हळूहळू मुलूख अंगवळणीं पडला. कन्या सांभाळावयास बाईसाहेबांच्या मातोश्री सहा महिन्यांचे परवान्यावर आल्या होत्या, म्हणोन हें सारें निभावलें.

परंतु परवाना सरत आला. वीस दिवस उरले. मग खलबत बसलें, त्यांत ऐसें ठरलें कीं पाळणाघरीं जागा न मिळे तर ठकूताईसाहेबांनीं आजीसमवेत स्वदेशीं कूच करावें आणि पदवी होईतों, म्हणजे तीन वर्षें, तिकडेच वाढावें. यजमानांनीं पडद्यावरोन मान डोलाविली. बाईसाहेबांनींही डोलाविली आणि भांडीं घासावयास उठल्या. भांडीं आधींच घासलेलीं होतीं, तीं पुन्हां घासलीं.

आतां या संकटाचें मूळ ऐकावें. बाईसाहेब नव्यानें हजर जाहल्या त्या आठवड्यांत मार्गदर्शक महाराजांनीं सूक्ष्मदर्शकावरोन डोळा काढोन आपण होऊन पुसिलें होतें कीं, आमचे पाळणाघरांत एक जागा रिकामी आहे, तुमचे कन्येचें नांव घालूं काय. त्यावर बाईसाहेबांनीं घराण्याचे रीतीस अनुसरोन, नको नको, उगाच कशाला तुम्हांला त्रास, ऐसें उत्तर केलें. आमचे मुलुखीं पहिला नको हा नको नव्हे, तो केवळ नमस्कार. दुसऱ्या आग्रहास मान वांकडी होते आणि तिसऱ्यास ताट पुढें येतें, हें लहान पोरही जाणतें. महाराजांनीं 'बरं' म्हटलें आणि डोळा पुन्हां सूक्ष्मदर्शकास लाविला.

मग बाईसाहेब दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसल्या. पांच महिने बसल्या. त्या मुदतींत शेजारमेजवालीनें, म्हणजे शेजारचे मेजावर त्याच शेवाळाशीं झुंजणाऱ्या विद्यार्थिनीनें, कॉफी विचारिली, नको म्हटलें, गेली. कोणाचे वाढदिवसाचा केक आला, नको म्हटलें, गेला. खिडकीलगतची खुर्ची आली, तीही गेली. बाईसाहेब कपाटाचे सावलींत, उपाशी, बिनकॉफीच्या, मातोश्रींपाशीं रोज दाद मागत कीं या लोकांना एवढीही रीत नाहीं. मातोश्री म्हणत, असतात एकेक माणसं, आपण आपलं चांगलं वागावं.

मग एके दिवशीं बाईसाहेब डबा विसरल्या, तो घेऊन मातोश्री ठकूताईसाहेबांस कमरेवर घालोन प्रयोगशाळेंत चालोन आल्या. पिशवींत खाऊचा डबा होता. मातोश्रींनीं तो महाराजांपुढें धरिला. महाराज नको म्हणाले. मातोश्रींनीं पुन्हां धरिला. महाराज पुन्हां नको म्हणाले आणि एक पाऊल मागें हटले. मग मातोश्रींनीं महाराजांचा हात धरोन, पंजा उघडोन, त्यांत लाडू ठेविला, आणि महाराजांनीं तो खाल्ला, आणि मग कोणी न विचारतां आणखी दोन खाल्ले.

शेजारमेजवाली थक्क. तिनें बाईसाहेबांस बाजूस घेऊन पुसिलें, "ते नाही म्हणाले, तरी तुझ्या आईनं परत का विचारलं?"

"एकदाच तर नाही म्हणाले होते."

शेजारमेजवालीनें आपला कॉफीचा पेला खालीं ठेविला. मग हलक्या आवाजांत म्हणाली, "म्हणजे तुला कॉफी हवी असायची?"

बाईसाहेबांनीं हळूच मान डोलाविली.

"आणि माझ्यासमोर नको म्हटलेली पाळणाघराची ती जागा?"

येथें बाईसाहेबांनीं हातचा डबा मेजावर ठेविला. किल्ल्याचा दरवाजा पांच महिन्यांपूर्वीं उघडा होता, आणि तो आपणच, अदबीनें, ओढोन घेतला होता, हें त्या घटकेस कळलें.

तात्काळ कूच जाहलें. पाळणाघरच्या मुख्य बाई, ज्यांस आम्ही किल्लेदारीण म्हणतों, यांणीं दप्तर काढिलें आणि दाखविलें कीं, जागेची गरज नाहीं ऐसी तुमची नोंद आहे, ती जागा कधींच भरली, आतां यादींत नांव घालतें, तुमच्या पुढें दोघेजण. बाईसाहेब घरीं आल्या. मातोश्रींनीं सारें ऐकोन घेतलें, डोक्यास हात लाविला आणि कबूल केलें कीं ही चूक तुझी नव्हे, वळण माझें. आणि मग हुकूम केला कीं, तिनं एकदा नाही म्हटलंय ना? मग अजून दोन राहिलेत.

तेव्हां कवायत सुरू जाहली. मातोश्री पलंगावर किल्लेदारीण होऊन बसत आणि जागा हवी का म्हणोन पुसत, आणि बाईसाहेबांनीं 'हवी' म्हणावें. तों बत्तीस वर्षांची जीभ, ती आपसूक 'नको नको' म्हणे. दहा वेळां पुसिलें, सात वेळां नको आलें. मातोश्री कपाळ बडवीत, आणि ठकूताईसाहेब जमिनीवर बसोन हा तमाशा ऐकत, त्यांणीं त्यांतोन एकच शब्द उचलिला तो नको. मग भातास नको, झोपेस नको, झबल्यास नको.

पुढले सोमवारीं बाईसाहेब पुन्हां पाळणाघरीं गेल्या. किल्लेदारीण म्हणाल्या, जागा नाहीं, झाली तर आम्हीच कळवूं. त्यांचे मुलुखीं नाहीं म्हणजे नाहीं. तरी बाईसाहेब शुक्रवारीं तिसऱ्यांदा गेल्या. कूच आठ दिवसांवर आलें होतें. आजीचे बॅगेंत झबलीं भरलेलीं होतीं.

किल्लेदारीण फोन ठेवीत होत्या. म्हणाल्या, आज सकाळींच एक कुटुंब दुसरे शहरीं निघालें; यादींतल्या वरच्या दोघांस आतांच विचारिलें, त्यांचें अन्यत्र जमलें आहे; तर तुम्हांला ही जागा...

"हवी," बाईसाहेब म्हणाल्या.

वाक्य पुरें जाहलें नव्हतें. किल्लेदारीण हसल्या आणि बसा म्हणोन कॉफी विचारिली. बाईसाहेबांचे तोंडून 'न' एवढा निसटला, तो त्यांणीं दातांखालीं धरिला आणि कॉफीही हवी म्हणाल्या, साखर दोन चमचे.

घरीं येऊन बाईसाहेबांनीं आजीचे बॅगेंतोन गुलाबी झबलीं एकेक करोन काढिलीं. मातोश्री पाहत होत्या. त्यांणीं एक झबलें हळूच मागें घेतलें आणि आपल्या साड्यांत ठेविलें. मातोश्री ठरले दिवशीं रवाना जाहल्या.

मग पहिला दिवस. ठकूताईसाहेब आंत गेल्या, मागें वळोन पाहिलें नाहीं. बाईसाहेब दाराबाहेर पाव तास रडल्या. सबब मावशीसाहेबांचें म्हणणें निम्में खरें धरावें. काकूसाहेबांचें अगदींच खोटें; वशिल्यादाखल एक डबा होता, परंतु त्यानें जागा मिळाली नाहीं, अक्कल मिळाली.

सायंकाळीं बाईसाहेब धांवत पाळणाघरीं पोहोंचल्या. ठकूताईसाहेब वाळूचे हौदांत बसलेल्या, हातीं लाल फावडें, नाकास वाळू. बाईसाहेबांनीं हात पुढें करोन म्हटलें, "चल बाळा, घरी."

ठकूताईसाहेब म्हणाल्या, "नको."

किल्लेदारीण बाजूस उभ्या होत्या, त्यांस वाटलें आतां आईचे डोळे पुन्हां भरतील. परंतु बाईसाहेबांनीं पदराअभावीं जॅकेट सांवरलें, वाळूंत गुडघे टेकिले आणि दुसऱ्यांदा विचारिलें. नको आलें. मग तिसऱ्यांदा विचारिलें. तेव्हां ठकूताईसाहेबांनीं फावडें ठेविलें, दोन्ही हात वर केले, आणि कमरेवर आल्या.

येणेंप्रमाणें पाळणाघर सर जाहलें आणि मायलेकी एके मुलुखीं राहिल्या. मामासाहेबांनीं आतां अंगठा दाखवावा, हरकत नाहीं. हें तीन रविवारचे दुपारीं, ठकूताईसाहेबांचे निद्रेचे मुदतींत लिहिलें असे. पांघरूण हललें, सबब लेखणी आवरली.