दोन डॉक्टरांमधले श्यामराव

दुसऱ्याचं पाकीट चहाच्या वाफेवर धरून उघडावं, मजकूर वाचावा आणि खळ लावून पुन्हा जसंच्या तसं चिकटवून द्यावं, ही कला बुलढाण्यात श्यामराव इंगळ्यांइतकी कुणालाच साधली नव्हती.

आम्ही दोघं लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडे नोकरीला. मी कंपाउंडर, ते कारकून. दुखणं अवघड वाटलं की आमचे डॉक्टर पोराला नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे धाडत. मग दोघांत इंग्रजी पत्रव्यवहार सुरू. काय ती पत्रं! अर्धं पान 'आपल्यासारख्या विद्वानांना मी काय सांगावं', अर्धं पान 'छे छे, थोर ते आपणच'. औषधाचं काय करायचं ते सहीच्या वर, कोपऱ्यात, एका ओळीत.

"हे इलाज करून राह्यले का सोयरीक जुळवून राह्यले बे?" श्यामराव मला विचारत.

मॅट्रिकला इंग्रजीत तीनदा आपटलेला हा गृहस्थ डॉक्टरांचं अक्षर मात्र घडाघडा वाची. ती एक ओळ मराठीत उतरवून आईबापांच्या हाती देई. डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी चांगलंच झापलं. श्यामराव "हाव साहेब" म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी किटली चढवली.

मेहकरकडच्या सुलतानपूरची कमल सहा वर्षांची. हृदय अधू. आमच्या डॉक्टरांची गोळी चालू होती. नागपूरला दाखवून, तिथली गोळी घेऊन बाप तिच्यासह परस्पर गावी गेला. चार दिवसांनी नागपूरचं पाकीट आलं, तेव्हा आमचे डॉक्टर लग्नाला परगावी. मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं. परवानगीवाचून उघडणारा मी कोण? श्यामरावांनी ते उचलून वाफेवर धरलं. शेवटची ओळ अशी: जुनी गोळी बंद करून नवी द्यावी; दोन्ही एकत्र दिल्यास जिवाला धोका.

"बापाले सांगतलं असंन त्यायनं," मी म्हणालो.

"कोण्या भाषेत? इंग्रजीत?"

"मंग पत्र टाका."

"पत्र परवा पोचते. पोरगी आज गोळी खाते." आणि ते मेहकरच्या गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले ते कमलला घोंगडीत गुंडाळून. ओकून ओकून पोरगी पांढरीफटक पडलेली. मागे बाप.

"दोन्ही गोळ्या काऊन देल्ल्या, भाऊ?" मी खेकसलो.

"एक आपल्या डाक्टरची, एक मोठ्या डाक्टरची," तो हात जोडून म्हणाला. "कोनाची बंद करू? दोघायचाबी मान राखा लागते ना!"

घ्या! दोन विद्वान कागदावर जे करत होते, तेच या बिचाऱ्यानं पोरीच्या पोटात केलं होतं.

डॉक्टर सकाळीच परतले होते. पाकीट कुणी फोडलं हे त्यांनी विचारलं नाही. दोन दिवस काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी कमलनं भाकर मागितली आणि तिचा बाप व्हरांड्यात बसून ढसाढसा रडला.

दुपारी तो जेवायला गेला. श्यामराव खाटेजवळ स्टुलावर बसलेले. दोन दिवस घरी गेले नव्हते. घरी तरी कोण होतं म्हणा! बायको पहिल्या बाळंतपणात गेली, लेकरूही राहिलं नाही. हे मला गावाकडून कळलेलं; त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"चला श्यामराव, दोन घास खाऊन घ्या."

"हळू बोल बे! पोरीनं बोट धरलं हाये. सोडवलं तं जागी होईन."

मी वाकून पाहिलं. कमल गाढ झोपली होती. तिची मूठ केव्हाच सैल पडली होती. हात धरला होता तो श्यामरावांनी.