छातीतला कदमताल

आमच्या आळीत सकाळी सहाला गजराची गरज नव्हती. शेजारचे सुभेदार अंगणात ताठ उभे राहायचे आणि दोन बोटं मनगटावर ठेवून स्वतःच्याच नाडीला झापायचे. "एक दो एक... एक... आरं, दो कुटं गेला? कामचुकार लेकाचा."

सुभेदार मूळचे वडूजचे. पलटणीत जन्मभर कवायत शिकवली, पेन्शनीत आमच्या आळीत घर बांधलं आणि वर्षाच्या आत हृदयविकाराचा झटका आला. तेव्हापासून ठोक्यांचा ताळ सुटला. कधी एखादा दांडी मारायचा, कधी तीन एकदम धावत यायचे. डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी दाखवली तर हे म्हणाले, "लाइन लय वंगाळ हाय. दोघांत सारखं अंतर न्हाई." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिडू नका म्हणून बजावलं. गोळ्या तेवढ्या घेतल्या.

मला त्यांचा भारी वैताग होता. शाळेला निघालो की फाटकापाशी माझं मनगट धरायचे आणि घड्याळ लावून मोजत बसायचे. "मास्तर, तुमचं शिस्तीत चाललंय." माझा पहिला तास रोज बुडायचा.

सुभेदारांच्या चिडण्याचं कारण पुण्यात होतं. एकुलता पोरगा भरतीला न जाता तिथं कारकून झाला, म्हणून यांनीच त्याला घराबाहेर काढलेला. बायको आधीच गेलेली. दुखण्यात त्याला पत्रं लिहायचे ती अशी: 'ताबडतोब हजर व्हावे.' तीन पत्रं गेली, उत्तर नाही. मी म्हटलं, "सुभेदार, विनंती करा की जरा."

"आवं, खालच्याला विनंती? वरच्याला अर्ज, खालच्याला हुकूम. तिसरा कागद न्हाई आमच्यात."

सुंभ जळाला तरी पीळ जाईना. मी नाद सोडला.

थंडीत सुभेदार गेले. सकाळी, अंगणातच. सावडायला पोरगा आला तेव्हा मी चिडून विचारलं, "आता कशाला आलास?" त्यानं खिशातून कागद काढला. आमची तार आणि हे पत्र त्याला एकाच दिवशी मिळालं होतं. अक्षर सुभेदारांचं.

'मेहेरबान साहेब यांसी, अर्जदार सविनय विनंती करतो की, छातीतला कदम चुकत असल्याने आपली एक दिवसाची भेट मंजूर व्हावी. आपला आज्ञाधारक.' खाली नुसतं नाव. हुद्दा नव्हता.

पोरानं माझं पेन मागितलं, समासात 'मंजूर' लिहून सही केली. मग म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी सकाळी काय बोलले का तुमच्याशी?"

त्या सकाळी मनगट चुकवायला मी मागच्या दारानं शाळेत गेलो होतो. त्याला म्हटलं, "तुझीच आठवण काढत होते."