रेणापूरला थांबा

सकाळी ११.३० : गाडी फलाटावर

सिद्धरामअप्पांच्या घरी चार महिन्यांपासून सगळे जमिनीवर बसून जेवत होते. जेवणाच्या टेबलावर नांदेड ते लातूर रेल्वेमार्ग होता.

कॉलेजात असताना अप्पांनी सायकलच्या तारा सरळ करून रूळ बनवले होते आणि त्यावर काडेपेट्यांचे डबे ढकलले होते. मग लग्न झालं. तो संसार ट्रंकेत गेला आणि दुसरा सुरू झाला. पुढची चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड म्हणून गेली. निवृत्तीच्या तोंडावर त्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं, पण कॉलनीत ते गार्डसाहेबच राहिले. निवृत्त झाल्यावर ट्रंक माळ्यावरून खाली उतरली, ऑनलाइन मागवलेलं बोटाएवढं इंजिन घरी आलं आणि प्लायवूडवर थर्माकोलचा बालाघाट उभा राहिला. साबणाच्या डबीचं विष्णुपुरी धरण झालं. रुळांखालची खडी म्हणजे बायकोची, जगदेवीबाईंची, पाव किलो खसखस. ती कुठे गेली हे सापडलं, त्या दिवशी बाईंनी निकाल दिला.

"रविवारी आपल्या लेकीचे, अक्षराचे, सासू-सासरे येणार हायत. जेवायला बसायच्या आत त्यांच्यासमोर तुमच्या गाडीनं एक अख्खी फेरी मारून दाखवावी. मारली तर मी जन्मभर खाली बसून जेवीन. अडकली तर हे समदं गच्चीवर."

गच्चीवर म्हणजे पहिल्याच पावसात बालाघाट पन्हाळीतून खाली. अप्पांची झोप उडाली. वायरिंग एकट्याने जमेना, म्हणून त्यांनी कॉलनीतल्या दोघांना मदतीला बोलावलं. चन्नबसप्पा सिग्नल विभागातून निवृत्त झालेले, शिवप्रसाद स्टेशन मास्तर म्हणून. इथेच चूक झाली. एकटा माणूस खेळणं चालवतो. तीन निवृत्त रेल्वेवाले जमले की ती रेल्वे होते, आणि रेल्वे चालवायची म्हणजे आधी ती का चालवता येत नाही हे बघायचं असतं.

१२.०० : सुटण्याची वेळ

रविवारी अक्षराचे सासरे अण्णाराव आणि सासू केवळाबाई रेणापूरहून वेळेवर आले. 'शरणु शरणार्थी' म्हणत नमस्कार झाले, पाणी झालं. आत तव्यावर शेंगापोळ्या फुगत होत्या. अप्पांनी बटणाकडे हात नेला आणि चन्नबसप्पांनी तो धरला. सिग्नल लाल होता. सिग्नल त्यांनीच बसवला होता आणि हिरवाही तेच करणार होते, पण लातूरकडून लाइन मोकळी असल्याचा निरोप आल्याशिवाय नाही.

लातूर म्हणजे टेबलाचं दुसरं टोक. तिथे शिवप्रसाद वही उघडून बसले होते. तोंडी निरोप चालत नाही म्हणाले. मग या टोकाहून त्या टोकाला मोबाइल लावला गेला. समोर बसलेल्या शिवप्रसादांनी तो तीनदा वाजू दिला. हे नियमात नव्हतं, सवयीत होतं.

१२.२० : वीस मिनिटं उशिरा

सिग्नल हिरवा झाला. जगदेवीबाईंच्या ब्लाउजपीसची हिरवी झेंडी अप्पांनी उचलायला घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"शेवटच्या डब्याला लाल दिवा न्हाई," ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारातून जगदेवीबाई म्हणाल्या, "अवो, चार हाताचं टेबल हाय. हितून तिथं जाताना डबा हरवणार हाय का?"

"टेबल माझं, गाडी बी माझी. नियम माझा न्हाई."

चन्नबसप्पा आणि शिवप्रसाद यांनी आदराने माना हलवल्या. गाडीला गच्चीवर पाठवणारे आपण स्वतःच आहोत, हे अप्पांना स्वच्छ दिसत होतं. पण चौतीस वर्षांत दिव्याशिवाय झेंडी वर गेली नव्हती. आताही हात वर जाईना. केवळाबाई पंख्याकडे बघू लागल्या.

जगदेवीबाई आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या. शेवटच्या डब्याच्या पाठीवर त्यांनी ठसठशीत बोट टेकवलं.

"हा घ्या दिवा. हलवा आता, पोळ्या गार होऊन राहिल्या."

अप्पांनी वाकून दिवा तपासला. झेंडी वर गेली.

१२.३५ : अखेर रवाना

गाडी निघाली. साबणाच्या डबीवरून गेली, बालाघाटाच्या पोटात शिरली, बाहेर आली, लातूर गाठून वळली. अर्धी फेरी झाली होती. तेवढ्यात चष्मा सरसावून टेबलावर वाकलेले अण्णाराव म्हणाले, "पाव्हणं, हे लातूर झालं. आमचं रेणापूर कुठं हाय?"

"रेणापूरला खरी लाइनच न्हाई. हितं कुठून आणू?"

अण्णारावांनी यावर विचार केला.

"खऱ्यांनी न्हाई दिली, ते परके. तुम्ही तर सोयरे," ते म्हणाले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ती शांतपणे रुळावर ठेवली.

इंजिन टोपीला जाऊन भिडलं, जागच्या जागी गुरगुरलं आणि थांबलं. तोवर एक शब्द न बोललेल्या केवळाबाई पदर खोचून नवऱ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मी बी हितंच हाय," त्या म्हणाल्या.

१२.५० : आंदोलनामुळे गाडी उभी

शिवप्रसादांनी वहीत नोंद केली आणि निवेदन लेखी मागितलं. अण्णारावांनी ते एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलं. अप्पा म्हणाले, नवी लाइन मंजूर करणं गार्डच्या हातात नसतं, गार्ड गाडीच्या मागे बसतो. मग मंजुरी कुणाची, यावर खल झाला.

"जागा ज्याची, मंजुरी त्याची," चन्नबसप्पा म्हणाले. "टेबल कुणाचं?"

टेबल देगलूरहून जगदेवीबाईंच्या रुखवतात आलेलं होतं. मघाशी 'टेबल माझं' म्हणालेले अप्पा खाली बघू लागले.

लग्नपत्रिका जगदेवीबाईंकडे गेली. त्यांनी ती दोनदा वाचली, मग टोपीला टेकून उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. फेरी अख्खी झाली नव्हती. अटीबद्दल दुमत नव्हतं. अप्पांनी मनातल्या मनात बालाघाट गच्चीवर नेऊन ठेवला.

"सोयऱ्याचा शब्द मोडू नये. रेणापूरला थांबा द्या," बाई म्हणाल्या. "पण मग माझ्या देगलूरनं काय घोडं मारलंय?"

देगलूरलाही खरी रेल्वे नव्हती. पण टोपी अजून रुळावर होती, त्यामुळे ते बोलायची कुणाची छाती झाली नाही.

बाईंनी पुन्हा करंड्यात बोट बुडवलं, खोली ओलांडली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर ठिपका ठेवला.

"हे देगलूर."

अप्पांनी टेबलापासून ठिपक्यापर्यंत नजरेने अंतर मोजलं. चौतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी एवढी मोठी लाइन टाकलेली बघितली नव्हती.

"मधी फ्रिज येतो," ते हळूच म्हणाले.

"मग फ्रिज सरकवा. माहेर सरकत नसतं."

१.१५ : जेवण

पानं जमिनीवरच मांडली. अण्णाराव बोडक्याने जेवले, कारण लेखी मंजुरी हाती आल्याशिवाय टोपी उचलायची नाही, असं केवळाबाईंनी बजावलं होतं. पोळी वाढायला वाकण्याआधी जगदेवीबाईंनी सरकवायच्या फ्रिजची वायर काढली.